साक्षेपाचा अर्थ : समर्थांच्या शब्दसंग्रहाची प्रस्तावना

अंबड तालुक्याच्या शेजारी घनसावंगी तालुका, आणि त्यात जांब समर्थ हे गाव. 1608 साली रामनवमीला नारायण सूर्याजीपंत ठोसर, म्हणजेच समर्थ रामदास, तिथे जन्मले. त्यांच्या दासबोध या ग्रंथाचे पारायण करणाऱ्याला त्यांचे शब्द ओळखीचे वाटतात आणि खरी अडचण तिथेच आहे. अनोळखी शब्द आला की आपण कोश उघडतो. ओळखीच्या शब्दाला मात्र आजचा अर्थ लावून पुढे जातो.

'उपाधि' आज विद्यापीठात मिळते. समर्थांच्या लेखी ती म्हणजे माणसे जमवली, कामे अंगावर घेतली की मागे लागणारा व्याप. 'साक्षेप' तर आणखी दूर गेलेला शब्द. संस्कृतात त्याचा अर्थ आक्षेपासह, टोचून. समर्थांनी तो दक्ष, अखंड उद्योगासाठी वापरला. दासबोधाच्या अकराव्या दशकात हरिकथा, राजकारण आणि सावधपण यांच्यानंतर चौथे स्थान त्यांनी साक्षेपालाच दिले. नुसत्या व्युत्पत्तीवर भिस्त ठेवली तर हा अर्थ हाती लागत नाही. म्हणून माझा आग्रह आहे : आधी कवीचे सगळे प्रयोग पाहा, शब्दाचे कूळ नंतर शोधा.

कूळ शोधण्यातही आनंद आहेच. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. तिथे बरू आहेत, संस्कृत 'मसी' आहे आणि फारसीतून आलेला 'कागद'ही आहे. समर्थांच्याच शतकात शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. समर्थांच्या ओवीत मात्र दोन्ही कुळांचे शब्द शेजारी नांदतात.

अर्थाआधी पाठ पक्का हवा. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची डोमगाव मठातली दासबोधाची प्रत शंकर श्रीकृष्ण देवांनी छापून काढली, हे या अभ्यासावरचे मोठे ऋण. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आजही जुनी बाडे पाहता येतात. हाताशी मोल्सवर्थचा 1857चा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश असू द्यावा.

अंबड-घनसावंगीच्या वाचकांकडे आणखी एक साधन आहे : घरची बोली. समर्थांचा एखादा शब्द आजी-आजोबांच्या तोंडी आला, तर तो कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी, कोणत्या अर्थाने आला, हे तारखेसह टिपून ठेवा.