चिकणमाती आणि फेस

लंडनला थेम्स नदीखालच्या बोगद्याचे काम मार्क ब्रुनेल यांनी १८२५ साली आरंभिले. छत्तीस कप्प्यांच्या लोखंडी ढालीआड मजूर हातांनी माती खणीत. तरीही जानेवारी १८२८ मध्ये नदी आत घुसली. सहा जीव गेले. समोरची माती तोलून धरावी कशी, हाच खरा प्रश्न. १९७० च्या दशकात जपानी अभियंत्यांनी खणलेली मातीच यंत्राच्या तोंडाशी कोंडून तिच्या दाबाने समोरची भिंत तोलली. पण चिकणमाती मोठी हट्टी! ती पात्यांना चिकटे, चक्रच जखडून टाकी. पुढे तिच्यात साबणासारख्या द्रवाचा फेस सोडण्यात येऊ लागला. फेस म्हणजे बहुतांशी हवाच. परंतु बुडबुडे ढेकळांत शिरले, की माती तेलाचा हात लावलेल्या कणकेसारखी मऊ होऊन मळसूत्रावाटे मुकाट बाहेर येते.