पियूटाचे मराठी कूळ

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीतून मुंबई-पुण्यास गेलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या घराण्यांत लग्नकार्य निघाले, नवस फिटला किंवा नव्या वास्तूत राहावयास जावयाचे ठरले, की मलिदा होतो. भिजवून मोकळ्या केलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर, वेलदोडा, बदाम-बेदाणे कालवून त्याचा ढीग मोठ्या ताटात मांडतात. भोवती फळे रचतात. सुवासासाठी सब्जाची डहाळी किंवा गुलाब ठेवतात. आणि मग जमलेली मंडळी एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिया प्रेषिताला, उद्देशून रचलेले हिब्रू पद एकसुरात म्हणतात. या पदाच्या परंपरागत पाठात प्रत्येक ओळ ‘पुरुष’ या अर्थाच्या एकाच शब्दाने आरंभ पावते आणि त्याच्या पुढचा शब्द हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने चालत जातो, त्यामुळे ज्याला वर्णमाला येते त्याला पद आपोआप पाठ होते. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर एलियाच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत अशी या समाजाची श्रद्धा आहे. प्रेषित परदेशचा, पद परभाषेचे, आणि नैवेद्य मात्र पोहे-खोबऱ्याचा: ही तिन्ही एकाच ताटाभोवती कशी आली, हे पाहू गेल्यास ज्यू प्रार्थनागीताची अवघी कुळकथाच उलगडते.

या प्रार्थनागीताला हिब्रूत पियूट म्हणतात, आणि त्याचा कर्ता तो पैतान. नित्य प्रार्थनेचा गाभा, म्हणजे ईश्वराच्या एकत्वाची घोषणा करणारा शेमा आणि उभे राहून म्हणावयाची अमीदा, हा बांधील. त्यात फेरफार करण्याची मुभा कोणास नाही. परंतु त्या बांधील पाठाच्या सांध्यांत, एका आशीर्वचनाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ यांच्या मधल्या जागेत, पॅलेस्टाइनमधील कवींनी इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकापासून पद्ये घालण्यास प्रारंभ केला. योसे बेन योसे हा नावाने ज्ञात असलेला पहिला कवी; त्याच्यानंतर यन्नाई आणि एलाझार बेन किलीर. यन्नाईने त्या देशातील सुमारे साडेतीन वर्षांच्या धर्मग्रंथपाठाच्या चक्राला धरून आठवड्या-आठवड्याची पद्ये रचली. पुढे ती प्रचारातून गेली आणि शतकानुशतके त्याचे केवळ नाव उरले. कैरोच्या बेन एझ्रा सभागृहातील जीर्ण हस्तलिखितांच्या कोठडीतून सालोमन शेख्टर यांनी १८९६-९७ मध्ये जी पाने केंब्रिजला नेली, त्यांसारख्या पानांतून ही पद्ये पुन्हा हाती लागली आणि मेनाहेम झुलाई यांनी १९३८ मध्ये ती प्रसिद्ध केली.

बाबिलोनच्या विद्यापीठांतील काही आचार्यांना हा प्रकार मुळीच मान्य नव्हता. विहित पाठात कवीने आपली वाणी मिसळावी, हे त्यांना मर्यादेचे उल्लंघन वाटे; आणि त्यांचा आक्षेप निराधार नव्हता, कारण एकदा दार किलकिले झाले, की त्यातून वृत्त येते, चाल येते, शेजाऱ्याची भाषाही डोकावते. दहाव्या शतकात दुनाश बेन लाब्रात याने अरबी काव्याचे मात्रागणित हिब्रूत आणले, तेव्हा या परक्या मापाने हिब्रूचा घात होतो असे प्रतिपक्षाने उघड म्हटले; तरीही पुढच्या दोनशे वर्षांत सालोमन इब्न गबिरोल आणि यहूदा हलेवी यांची श्रेष्ठ रचना त्याच मापात झाली. सोळाव्या शतकात इस्राएल नजारा याने तुर्की-अरबी गाण्यांच्या चालींवर हिब्रू पदे बांधली आणि १५८७ मध्ये सफेद या गावी त्यांचा संग्रह छापला गेला. पाठाने समाज एक राखावा आणि गीताने मुलखाशी सोयरीक करावी, अशी ही जुनी वाटणी आहे; बेने इस्राएलांच्या बाबतीत तिचा विसर पडल्यामुळेच त्यांच्या मराठी गाण्याविषयी पुष्कळ चुकीचे लिहिले गेले आहे.

नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात स्त्रिया आणि सात पुरुषांची आपण संतती, असे या समाजाची परंपरा सांगते. तेलाचा घाणा हा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. ग्रंथ नव्हते; शेमा मात्र मुखी राहिला होता, आणि पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी त्यावर विधिपूर्वक उपासनेची इमारत उभी केली. दिवेचे सामुएल एझेकिएल दिवेकर टिपू सुलतानाच्या बंदिवासातून सुटले आणि त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत शार हारहमीम हे सभागृह बांधले. लोक त्याला जुनी मशीद म्हणतात. १८४६ मध्ये मुंबईस वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा पाठ, हगादा, मराठी अर्थासह शिळाछापावर निघाला, १८७४ मध्ये पुण्यास सचित्र आवृत्ती निघाली, आणि योसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे करण्यात आयुष्य वेचले. भाषांतराने अर्थ कळला. परंतु अर्थ कळला म्हणजे गाणे झाले, असे नव्हे.

ही उणीव कीर्तनाने भरून काढली. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांचे सहकारी यांनी हरिदासांचे कीर्तन ऐकून तोच बाज उचलला, आणि नमन एका निराकार परमेश्वराला करून अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने ओवी, साकी, दिंडी अशा छंदांत, पेटी-तबल्याच्या साथीने सांगण्याचा रिवाज पाडला. याला कोणी नुसते अनुकरण म्हणतात. मला ते म्हणणे सर्वस्वी अन्यायाचे वाटते. दुनाशने अरबांकडून मात्रा घेतल्या, नजाराने तुर्कांकडून चाली घेतल्या, तशीच अष्टमकरांनी मराठ्यांकडून साकी घेतली. भेद एवढाच, की सभागृहातील हिब्रू पाठाला त्यांनी हात लावला नाही आणि नवे गीत त्याच्या शेजारी, दिवाणखान्यात आणि मांडवात, बसविले. बाबिलोनच्या आचार्यांनाही या व्यवस्थेत दोष काढणे कठीण गेले असते.

आम्हा बेळगाव-निपाणीकडच्यांना तर यात नवल वाटण्याचे कारणच नाही. मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींत बेने इस्राएल हवालदार, जमादार, सुभेदार मोठ्या संख्येने होते आणि बेळगाव हे त्याच इलाख्यातील छावणीचे गाव. पण माझ्या म्हणण्याचा आधार त्याहून जवळचा आहे. या भागातील भजनकरी एका बैठकीत तुकोबांचा अभंग म्हणतो आणि लगोलग पुरंदरदासांचे कानडी पद धरतो. ऐकणाऱ्यास दोहोंपैकी एक भाषा अर्धीमुर्धीच येत असली, तरी रस तुटत नाही. अष्टमकरांच्याच काळात बाळेकुंद्रीचे पंत महाराज (१८५५–१९०५) या कानडी-मराठी मुलखात मराठी पदे रचीत होते आणि बाळेकुंद्रीस ती आजही म्हटली जातात. तुकोबा अखेरच्या चरणात आपले नाव घालतात, पुरंदरदास ‘पुरंदरविठ्ठल’ असा अंकित, म्हणजे नाममुद्रा, ठेवतात, आणि यन्नाईसारखा पैतान कडव्यांच्या आद्याक्षरांत आपले नाव विणून ठेवतो. त्या आद्याक्षरांनीच यन्नाईचा माल यन्नाईचा म्हणून ओळखू आला. ठिकठिकाणी विखुरलेल्या अभंगांच्या वह्या चाळताना आमच्या बेळगावातील शाहूनगरच्या किंवा खडेबाजारच्या भजनकऱ्याला नाममुद्रेवाचून कर्ता ओळखण्याचा जो पेच पडतो, तो या हस्तलिखितांच्या संपादकाला आद्याक्षरांमुळे पडला नाही. अंकिताची जागा आरंभी की अंती, हा केवळ कारागिरीचा प्रश्न. देवापुढे उभे राहताना आपले नाव त्याच्या नावाच्या आश्रयाला ठेवावे, ही ओढ तिघांची एकच आहे.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलात गेली आणि लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा येथे स्थायिक झाली. तेथे हिब्रू ही बाजारहाटाची आणि कचेरीची भाषा झाल्यामुळे एक उलटापालट घडली: कोकणात जी भाषा केवळ प्रार्थनेची होती ती रोजची झाली, आणि रोजची मराठी गाण्यापुरती राहू लागली. कीर्तनाची पदे आता तेथे बहुतांशी स्त्रिया म्हणतात, घराघरांतल्या वह्यांवरून आणि पाठांतरावरून. मलिद्याचे ताट तेथेही मांडले जाते, पोहे भारतीय दुकानांतून आणतात, आणि एलियाहूचे हिब्रू पद संपल्यावर योसेफाचे मराठी आख्यान लागते.