धातू, वनस्पती आणि पुरुषांचे वंध्यत्व : एक उलटा इतिहास

मूल होत नाही म्हणून तपासायला येणाऱ्या बारामती-इंदापूर भागातल्या तरुणांकडे बऱ्याचदा एखादी ‘शक्तिवर्धक’ पुडी असते. ‘झाडपाल्याचंच आहे, त्यानं काय अपाय होणार?’ हा प्रश्नही ठरलेला. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. चरकसंहितेतल्या वाजीकरण प्रकरणात भर आहे तो दूध, तूप, उडीद, मांसरस आणि वनस्पतींवर. पुढे मध्ययुगात रसशास्त्र बहरले आणि धातू औषधात आले : शिशाचे नागभस्म, कथलाचे वंगभस्म, पारा-गंधक-सोन्याचा मकरध्वज. शोधन-मारणाने धातूचा दोष जातो, अशी त्यामागची धारणा होती. म्हणजे पौरुषासाठी धातू हेच औषध ठरले.

विसाव्या शतकात चित्र उलटले. १९५६ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील पारिझेक आणि झाहोर यांनी दाखवले की कॅडमियमच्या क्षारामुळे उंदरांच्या वृषणाच्या पेशी नष्ट होतात. पुढच्याच वर्षी पारिझेक यांनी जस्त दिल्यास ही हानी टळते, हेही दाखवले. धातूपासून वृषणाचे ‘संरक्षण’ करता येते ही कल्पना इथे रुजली. १९७५ मध्ये रुमानियातील बॅटरी कारखान्याच्या कामगारांवरील अभ्यासात शिशाच्या संपर्काचा शुक्रजंतूंवर वाईट परिणाम दिसला.

नंतर भारतातल्या प्रयोगशाळांतही उंदरांना शिसे किंवा कॅडमियम देऊन सोबत अश्वगंधा, आवळा, हळद अशा वनस्पती देण्याचे प्रयोग झाले. अनेक प्रयोगांत नुकसान कमी आढळले, कारण या वनस्पतींतले घटक धातूंमुळे वाढणारा ऑक्सिडेशनचा ताण कमी करतात. पण उंदराला दिलेला डोस आणि आपले वर्षानुवर्षांचे थोडेथोडे सेवन यांत फरक आहे. माणसांवर २०१३ मध्ये ४६ पुरुषांचा अश्वगंधेचा छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शुक्रजंतूंची संख्या वाढली, पण ते शुक्रजंतू कमी असलेले रुग्ण होते, धातूबाधेचे नव्हे.

आणि २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. ज्यापासून वाचायचे, तेच पुडीतून पोटात जाऊ शकते!

आपल्या भागात धातू येतो कुठून? पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येते. फॉस्फेट खतांत कॅडमियमचा अंश असतो. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्याच्या हाताला आणि कपड्यांना शिसे लागते. तंबाखूचे झाड तर जमिनीतले कॅडमियम भराभर शोषते, त्यामुळे विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात ते जास्त साठते.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी तंबाखू सोडा. बॅटरी-रंगाचे काम असेल तर हात धुऊनच जेवा आणि कामाचे कपडे घरात आणू नका. वीर्यतपासणी करा. धातूचा संशय असल्यास रक्तातील शिशाची तपासणी करा. लेबल नसलेली पुडी किंवा भस्म स्वतःहून घेऊ नका. नवे शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच-तीन महिने लागतात. धातूचा मार्ग बंद केल्यावर तेवढा धीर धरून वीर्यतपासणी पुन्हा करा. वनस्पती घ्यायचीच असेल, तर वैद्यांच्या सल्ल्याने घ्या, पण ती धातू थांबवण्याला पर्याय नाही.