माहिती मागताना इंग्रजीत कोणतं क्रियापद वापरायचं?

समजा, पळस्पे ते इंदापूर महामार्गाच्या कामावर किती खर्च झाला, हे तुम्हाला माहिती अधिकारातून विचारायचंय. या टप्प्याच्या चौपदरीकरणाचं काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे होतं. ही केंद्राची संस्था, त्यामुळे अर्ज राज्याच्या नाही, तर केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर करायचा. शुल्क 10 रुपये. मजकुराच्या चौकटीत 3000 अक्षरंच बसतात, म्हणून शब्द मोजके आणि नेमके हवेत.

रिक्वेस्ट: 2005 च्या कायद्याच्या कलम 6 मध्ये हाच शब्द आहे. अर्जाची सुरुवात यानेच करा. पुढे नुसतं नाम येतं. 'रिक्वेस्ट फॉर यू' अशी रचना चुकीची.

प्रोव्हाइड, फर्निश: दोन्हींचा अर्थ 'पुरवा'. फर्निश जास्त सरकारी वळणाचं. प्रोव्हाइडने काम भागतं. 'प्लीज प्रोव्हाइड सर्टिफाइड कॉपीज ऑफ' एवढं लिहून पुढे कागदाचं नाव आणि कालावधी द्या.

एन्क्वायर, इन्क्वायर: खरा घोळ इथे होतो. मराठीत 'चौकशी' म्हणजे विचारपूसही आणि तपासही. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत एन्क्वायर म्हणजे विचारणं, इन्क्वायर म्हणजे तपास करणं. 'प्लीज इन्क्वायर' लिहिलंत तर तुम्ही तपासाची मागणी करताय. ते जनमाहिती अधिकाऱ्याचं काम नाही.

एक्सप्लेन, क्लॅरिफाय: टाळा. अधिकाऱ्याने नोंदीत असलेली माहिती द्यायची असते, खुलासा किंवा मत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय खटल्यात हे स्पष्ट केलंय. म्हणून 'रस्ता का रखडला?' ऐवजी मुदतवाढीच्या आदेशांच्या प्रती मागा. कारण बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं.

डिमांड: 'मागणी'चं सरळ भाषांतर, पण अर्जात उर्मट वाटतं. त्याने हक्क काही वाढत नाही.

माहिती कशाला हवी, हे सांगायची गरज नाही. उत्तरासाठी साधारण 30 दिवसांची मुदत असते. ते आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं.

आणि इंग्रजी जमत नसेल तर अडू नका. त्याच कलम 6 नुसार अर्ज त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीतही चालतो. तिथेही 'चौकशी करावी' नको, 'प्रत द्यावी' लिहा.