सुरतेचा हिरा आणि काळजाचा हिशेब

काही मोठ्या रुग्णालयांच्या किरणोपचार विभागात बोटभर लांबीची एक कांडी असते. तिच्या टोकाशी हिऱ्याचा थर असतो, व्यास जेमतेम दोन मिलिमीटर आणि जाडी एक मायक्रॉन. त्यावर किरण पडले की इलेक्ट्रॉन सुटे होतात, किंचित विद्युतप्रवाह वाहतो आणि त्यावरून मात्रा कळते. या कांडीचं कूळ सुरतेच्या बंदरातून जातं, असा माझा दावा आहे.

मात्रा इतकी काटेकोर कशाला? एक कारण हृदय. स्तनाच्या कर्करोगावर किरण देताना, विशेषतः डाव्या बाजूला, काही वाटा हृदयाला जातोच. सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली स्वीडन-डेन्मार्कच्या २,१६८ स्त्रियांची माहिती तपासली. हृदयाला मिळालेल्या सरासरी मात्रेत एका ग्रेची (ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या मात्रेचं एकक) भर पडली की मोठ्या हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, आणि अमुक मात्रेखाली निर्धास्त राहावं अशी सीमा दिसत नाही, असं त्यांना आढळलं. हा धोका पहिल्या पाच वर्षांतच डोकं वर काढतो आणि पुढे दशकं टिकतो. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी रुग्णाला खोल श्वास घेऊन रोखायला सांगतात. फुप्फुसं फुगतात, हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकतं.

आता कुळाकडे. मूळपुरुषाचा मान कुणी इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रूक्सला देईल. त्याने १९०४च्या सुमारास रेडियमच्या संगतीत हिरा ठेवला, तो हिरवा झाला. मला हे पटत नाही. क्रूक्सच्या हिऱ्याला किरणांनी इजा केली, त्याने किरण मोजले नाहीत. खरे पूर्वज १९४७चे. त्या वर्षी अमेरिकेत कर्टिस आणि ब्राउन यांनी हिऱ्याने गॅमा किरण मोजून दाखवले. पण सगळे हिरे मोजत नव्हते. जे मोजत, ते बहुतेक अतिनील प्रकाश आरपार जाऊ देणारे, म्हणजे जवळपास नायट्रोजनमुक्त ‘दुसऱ्या प्रकारचे’ निघाले.

इथे सुरत आली. या प्रकारातल्या सर्वांत निर्मळ हिऱ्यांना, टाइप टू-ए यांना, जवाहिरे आजही ‘गोवळकोंडा’ म्हणतात. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या मालाची पश्चिमेकडची मोठी वाट सुरतेच्या बंदरातून जाई. ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिरा त्याच वाटेने खाणींपर्यंत गेला.

प्रतिपक्ष म्हणेल, १९४७ सालच्या प्रयोगशाळेत गोवळकोंड्याचा खडा कुठला? बाजार केव्हाच आफ्रिकेच्या मालाने भरला होता. मुद्दा बिनतोड आहे. म्हणून मी खड्याची वंशावळ सांगत नाही, जातीची सांगतो. निर्मळ हिरा कसा असतो, ही नजर जवाहिऱ्यांना गोवळकोंड्याच्या मालाने दिली, असा माझा तर्क आहे.

मात्रा मोजण्याच्या कामात हिऱ्याचा प्रतिस्पर्धी सिलिकॉन. तो स्वस्त आणि चोख, पण त्याचा अणुक्रमांक १४. कार्बनचा ६, तर शरीराच्या मऊ ऊतींचा सरासरी हिशेब सातच्या आसपास. म्हणून किरणांना हिरा मांसासारखा दिसतो, सिलिकॉन तितका नाही. नैसर्गिक हिऱ्याची अडचण वेगळी. प्रत्येक खडा आपल्या तऱ्हेने वागतो, शेकड्यांतून निवडावा लागतो. ती सीव्हीडी, म्हणजे रासायनिक बाष्प निक्षेपणाच्या तंत्राने सोडवली. मिथेन आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मात हिऱ्याच्या पातळ चकतीवर थरावर थर चढवायचे. रोमच्या तोर व्हेर्गाता विद्यापीठात घडलेल्या अशाच हिऱ्याची कांडी आज बाजारात मिळते.

या कुळकथेत एक फट उरते. ही कांडी रुग्णाच्या हृदयात बसत नाही. ती पाण्याच्या टाकीत किरणशलाका तपासते, आणि हृदयाच्या वाट्याचे ग्रे संगणक त्या मोजमापावर गणित करून सांगतो. पण पायाचा आकडा चुकला तर वरचं गणितही चुकतं.

आज सुरतेत सीव्हीडी हिरे यंत्रात वाढवले जातात, घंटीवर घासले जातात आणि अंगठ्यांत बसतात. तेही बहुतेक टाइप टू-ए. मापनाला लागणारी शुद्धता आणखी वरची आहे, पण रीत तीच. पैलू पाडण्यात जग जिंकलेल्या शहराने बिनपैलूचा हा हिरा मनावर घेतला, तर माझ्या दाव्याला पुरावा शोधत बसावं लागणार नाही.