न उघडलेला विशेषांक

मे महिन्याचा पहिला शनिवार कॅरीतील आपल्या मुलांना चांगला ठाऊक असतो. २००२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या प्रथेनुसार त्या दिवशी कॉमिकच्या दुकानांत काही अंक मोफत वाटले जातात. बुद्धपौर्णिमाही त्याच सुमारास येते. मुले दुकानातून परततात तेव्हा मोफत अंकाबरोबर एखादा विकतचा विशेषांकही आणतात. चकचकीत मुखपृष्ठ, पारदर्शक पिशवी, पाठीमागे पांढरा पुठ्ठा. आत काय आहे ते पाहू म्हटले तर उत्तर मिळते, "नको, उघडला की किंमत जाते!"

हे उत्तर आम्हाला विचारात पाडणारे वाटले. ज्या समाजाने छापील कागदाच्या बळावर आपला लढा उभारला, त्याच्या पुढच्या पिढीला न वाचलेला अंक वाचलेल्या अंकाहून मोलाचा वाटावा, हे कसे घडले? त्यासाठी या बाजाराचा इतिहास पाहावा लागतो, आणि त्याच्याशेजारी आपलाही.

१९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. अंकाची किंमत होती दहा सेंट. मुलांनी तो वाचला, दुमडून खिशात घातला, मित्राला दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देशभर रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा झाल्या आणि त्यांत असे असंख्य अंक लगद्यात गेले. म्हणून आज त्याच्या फारच थोड्या प्रती उरल्या आहेत. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांपैकी एक प्रत साठ लाख डॉलरला विकली गेली. तो अंक दुर्मीळ झाला, कारण तो जपून ठेवावा असे त्या काळी कोणाला वाटलेच नव्हते.

पुढे प्रकाशकांनी हे गणित उलटे मांडले. दुर्मीळता आधीच जाहीर करून अंक विकायचा, अशी रीत पडली. १९९१ मध्ये 'एक्स-मेन'चा नवा पहिला अंक पाच निरनिराळ्या मुखपृष्ठांसह निघाला आणि त्याच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या. एकेका ग्राहकाने पाचही मुखपृष्ठे घेतली. १८ नोव्हेंबर १९९२ रोजी सुपरमॅनच्या मृत्यूचा ७५ वा अंक बाजारात आला. त्याची विशेष आवृत्ती काळ्या पिशवीत बंद होती आणि आत शोकाची काळी फीतही होती. दुकानांपुढे रांगा लागल्या. मुलांच्या शिक्षणाची तरतूद होईल, या आशेने लोकांनी गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन ठेवले. सुपरमॅन काही महिन्यांतच पुन्हा जिवंत झाला. भाव मात्र मेला तो मेलाच. जी वस्तू लाखो घरांत जपून ठेवलेली आहे, ती दुर्मीळ कशी होणार? त्या दशकात अनेक दुकाने बंद पडली आणि १९९६ च्या डिसेंबरमध्ये खुद्द मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

बाजार मात्र संपला नाही. २००० सालापासून कॉमिकच्या प्रतींना दहापैकी गुण देऊन त्या कठीण प्लास्टिकच्या आवरणात कायमच्या बंद करण्याचा व्यवसायच सुरू झाला. अशी प्रत दिसते, विकता येते; वाचता येत नाही. सर्वांत अधिक गुण मिळतात ते ज्या प्रतीला माणसाच्या हाताचा डाग लागलेला नाही, तिला. ज्यांच्या पूर्वजांचा स्पर्श विटाळ मानला गेला, त्या आपल्यासारख्यांनी या मूल्यमापनापुढे क्षणभर थांबावे. स्पर्शाने किंमत घटते, हे वाक्य आपल्या कानांना नवे नाही.

आता दुसरा इतिहास. तोही याच देशात, काही अंशी आपल्या शेजारीच घडला.

१९४७ मध्ये फिलाडेल्फियातील पत्रकार ओरिन इव्हान्स यांनी 'ऑल-निग्रो कॉमिक्स' नावाचा अंक काढला. लेखक, चित्रकार, प्रकाशक सारे कृष्णवर्णीय. किंमत पंधरा सेंट. दुसऱ्या अंकाची सिद्धता झाली होती. पण कागद पुरवणाऱ्यांनी कागद विकण्यास नकार दिला आणि दुसरा अंक निघालाच नाही. हे वाचताना 'मूकनायक'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी त्या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. एकाला कागद मिळाला नाही, दुसऱ्याला जाहिरात. काही अंक दुर्मीळ होतात ते त्यांची वाटच अडवली गेली म्हणून. ती दुर्मीळता मिरवण्याची नव्हे, जाब विचारण्याची गोष्ट आहे.

१९५७ च्या अखेरीस 'फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन' या संस्थेने 'मार्टिन ल्यूथर किंग आणि माँटगोमेरीची कथा' सांगणारी सोळा पानी चित्रपुस्तिका काढली. किंमत तीच, दहा सेंट. प्रती सुमारे अडीच लाख. ती चर्चमधून, शाळा-महाविद्यालयांतून आणि चळवळीच्या शिबिरांतून हातोहात फिरली. बसमधील भेदभावाविरुद्धचा बहिष्कार कसा चालवला आणि मार खाऊनही हात कसा उगारायचा नाही, हे तिच्यात चित्रांतून समजावले होते. १ फेब्रुवारी १९६० रोजी कॅरीपासून मोटारीने सव्वा-दीड तासाच्या अंतरावरील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, आपल्या शेजारच्या रॅलेतील शॉ विद्यापीठात, एला बेकर यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांची समन्वय समिती स्थापन झाली. पुढे तिचे अध्यक्ष झालेले जॉन लुईस यांनी तरुणपणी ही पुस्तिका वाचली होती. पुढे खासदार झालेल्या लुईस यांनी उतारवयात आपली जीवनकथा चित्रकथेच्याच रूपात 'मार्च' या तीन खंडांत सांगितली. तिसऱ्या खंडाला २०१६ चा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. दहा सेंटच्या कागदाचे यापेक्षा मोठे व्याज कोणते?

त्या पुस्तिकेत भारताचा उल्लेख गांधीजींच्या नावाने येतो. २० मार्च १९२७ चे महाडचे चवदार तळे तिच्यात नाही. हा दोष एकट्या त्या पुस्तिकेचा म्हणता येणार नाही, कारण आपला लढा चित्रांतून जगापुढे मांडणारी साधने तेव्हा उभी राहिलेली नव्हती. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा' मालिकेत बाबासाहेबांवरील पुस्तक आले ते १९७९ साली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. आपल्यापैकी कित्येकांनी बाबासाहेब प्रथम पाहिले ते भिंतीवरील तसबिरीत. पण प्रसंगाप्रसंगाने हालताना, बोलताना पाहिले ते या चित्रकथेत.

२०११ मध्ये 'नवयान'ने 'भीमायन' प्रसिद्ध केले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी बाबासाहेबांचे अनुभव चौकटीत कोंबण्यास नकार दिला. पाने मोकळी ठेवली. त्यांत सौम्य शब्द पक्ष्याच्या आकारात येतात आणि जातीचे विष ओकणाऱ्या शब्दांना विंचवाची नांगी असते. त्याच वर्षी, त्याच प्रकाशनाने, जोतीराव फुले यांच्या १८७३ च्या 'गुलामगिरी'वर आधारलेली चित्रकथाही काढली. ही पुस्तके आज विकत मिळतात. ती उघडता येतात, हेच त्यांचे मोल.

आणि आपला स्वतःचा विशेषांक? 'जनता' पत्राचे ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'प्रबुद्ध भारत' झाले आणि २७ ऑक्टोबर १९५६ रोजी त्याचा 'आंबेडकर बौद्ध दीक्षा विशेषांक' निघाला. १५ ऑक्टोबरचे नागपूरचे भाषण त्यात छापले गेले. त्यानंतर अवघ्या चाळीस दिवसांनी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. तो अंक ज्यांना वाचता येत होते त्यांनी ज्यांना येत नव्हते त्यांच्यासाठी वाचायचा होता. त्या अंकाला मुखपृष्ठांचे पाच प्रकार नव्हते. आजही चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या परिसरातील पुस्तकांच्या गर्दीत लोक विशेषांक घेतात ते वाचण्यासाठी आणि गावी नेऊन वाटण्यासाठी.

येथे एक प्रामाणिक शंका उरते. सर्वांनी वाचून झिजवले असते तर आज आपल्या हाती काय उरले असते? 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे अंक १९९० मध्ये शासनाने ग्रंथरूपाने पुन्हा छापले. कोणीतरी ते जपून ठेवले होते, म्हणूनच हे शक्य झाले. तेव्हा जपणे हे पाप नव्हे. प्रश्न एवढाच, की जपायचे कशासाठी? बाजार जपतो तो पुन्हा विकण्यासाठी, चळवळ जपते ती पुन्हा वाचण्यासाठी.

आणि याच ठिकाणी आपल्या मुलांची विद्या कामी येते. वृत्तपत्री कागदातील आम्लाने पान पिवळे पडून तुटते, त्यामागे आम्लविरहित पुठ्ठा ठेवावा, अंक उन्हापासून आणि दमटपणापासून दूर ठेवावा, कोरड्या स्वच्छ हातांनी उलटावा, हे सारे त्यांना तोंडपाठ आहे. नागपूर, औरंगाबाद, मुंबई येथील आपल्या आजी-आजोबांच्या ट्रंकांत जयंतीचे, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे, जुन्या परिषदांचे अंक पडून आहेत. दर पावसाळ्यात त्यांतले काही कमी होतात. या वर्षी गावी जाताना मुलांनी चार पिशव्या आणि चार पुठ्ठे सोबत न्यावेत. अंक पिशवीत घालण्याआधी त्याच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि एक पान तरी आजीकडून मोठ्याने वाचून घ्यावे. मूळ प्रत घरी राहील, छायाचित्रे सर्वांची होतील.

मग पिशवी खुशाल बंद करावी. जय भीम!