साथ येते, दारं लागतात, माल अडतो

आज आपण मुंबईत, गिरगावातल्या ठाकूरद्वारच्या नाक्यावर जाऊ या. इथल्या दुकानांत पापड, कुरडया, कोकम, मेतकूट, मसाले मांडलेले असतात. यातलं गिरगावात काहीच पिकत नाही. कोकम कोकणातून येतं, मिरी केरळातून, हिंगाचा कच्चा चीक अफगाणिस्तानातून, तर पापडाचा उडीद कधी थेट म्यानमारहून. एका पापडामागे किती हात आणि किती वाटा असतात, हे एरवी आपल्या लक्षातही येत नाही. वाट बंद झाली की मात्र येतं. अशी वाट मुंबईत पूर्वीही बंद झाली होती. तीच हकिगत आज सांगतो.

ठाकूरद्वारहून पूर्वेला भुलेश्वर, काळबादेवी ओलांडली की बंदराजवळ मांडवी लागते. तिथे धान्याच्या वखारी होत्या. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा रोगी ओळखला. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये हीच साथ होती आणि चीनशी मुंबईचा सुताचा मोठा व्यापार होता. ज्या बोटींतून माल जाई-येई, त्याच वाटेने रोग आला असावा. उंदरांच्या पिसवांमुळे तो पसरतो, हे पक्कं ठरायला पुढे काही वर्षं गेली.

लोक घाबरले. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत शहरातली जवळजवळ निम्मी माणसं गावाकडे निघून गेली. गिरण्या उभ्या होत्या, कापूस होता, पण चाती फिरवायला माणूस नव्हता. तोवर कामगाराचा पगार महिन्याने मिळे, तोही उशिराने. आता उद्याचाच भरवसा नाही म्हटल्यावर कामगार रोजची मजुरी रोज मागू लागले आणि मालकांना ती द्यावी लागली. नाक्यानाक्यावर मजुरांसाठी चढाओढ लागली.

बाहेरच्या देशांनीही दारं लावली. फेब्रुवारी १८९७ मध्ये युरोपातले देश व्हेनिसला जमले. हिंदुस्थानातून येणाऱ्या बोटी, माणसं आणि कच्च्या कातड्यांसारखा माल यांवर बंधनं ठरली. म्हणजे मांडवीतल्या आजाराची झळ कुठल्यातरी गावच्या कातडी कमावणाऱ्यापर्यंत पोचणार होती. त्याने मुंबई पाहिलेलीही नसेल.

त्याच वर्षी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. घरं तपासायची, रोग्याला उचलून न्यायचं, रेल्वे स्टेशनवर उतारूंना थांबवून अंग तपासायचं. परक्या पुरुषांनी चारचौघांत बायकांना तपासावं, याचा लोकांना फार संताप आला. मार्च १८९८ मध्ये एका विणकर कुटुंबातल्या आजारी मुलीची तपासणी करायला पथक आलं आणि मुंबईत दंगल पेटली. पाठोपाठ गोदीतले मजूर आणि गाडीवान यांनी काम थांबवलं. बंदरातला माल जागच्या जागी राहिला. आधी तो रोगाच्या भीतीने अडला होता, आता लोकांना विश्वासात न घेतल्यामुळे अडला.

मार्च २०२० मध्ये करोना आला, तेव्हा महाराष्ट्रात हाच १८९७ चा कायदा लागू झाला. लोकल थांबल्या, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. नेमका हापूसचा हंगाम. झाडावर आंबा तयार, शहरात खाणारे तयार, मधली वाट बंद. मे महिन्यात वाशीचा घाऊक बाजारही आठवडाभर बंद ठेवावा लागला. तेव्हा कोकणातल्या कितीतरी बागायतदारांनी मोबाईलवरून मागणी घेतली आणि पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत पोचवल्या. बाजाराची वाट अडली, तर ओळखीची वाट उघडली.

जगाचंही तसंच झालं. कारखाने आणि बंदरं वेगवेगळ्या वेळी थांबली, सुरू झाली. रिकामे कंटेनर एकीकडे, माल दुसरीकडे, आणि बोटीचं भाडं कित्येक पटींनी वाढलं.

पुन्हा गिरगावात येऊ. इथेच १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तीच आजची लिज्जत. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथली पद्धत अशी, की बहिणींनी भिजवलेलं पीठ केंद्रातून न्यायचं, घरी लाटायचं आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. काम घरातलं, पण ते चालतं रोजच्या ये-जावर. उंबऱ्याबाहेरची वाट बंद झाली, तर घरातलं पोळपाटही थांबतं.

दोन्ही साथींतून आम्हाला एकच गोष्ट दिसते. माल कमी पडला म्हणून साखळी तुटत नाही, माणसांची ये-जा थांबली की तुटते. आणि पहिला फटका बसतो रोजच्या मजुरीवर जगणाऱ्याला. १८९६ मध्ये तो गिरणी कामगाराला बसला, २०२० मध्ये पायी गावी निघालेल्या मजुरांना.

म्हणून येत्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान काढा. आपली डाळ, तिखट, पिशव्या कुठून येतात? कोण आणतं? विकत कोण घेतं? प्रत्येकासमोर दुसरं एक नाव लिहा, पहिली वाट बंद झाली तर कामी येणारं. आणि शेवटी हेही लिहा, की महिनाभर काम थांबलं तर आपल्यातल्या कोणाच्या घरी आधी चूल विझेल. गटाच्या शिलकीतला पहिला हात तिच्याकडे जायला हवा.